पोस्टरची उष्णता

अमळनेरच्या बाजारात त्या दिवशी भाजी सोडून सगळे साबणाच्या स्टेजपुढे उभे होते.

फुलचंदशेठचा 'रूपशुद्धी' हा साधासुधा साबण. फेस यायचा, मळ जायचा. पण जाहिरात सांभाळणाऱ्या तेजसचं म्हणणं, "शेठ, मळ तर सगळेच काढतात. अंगातून काहीतरी निघताना दिसलं पाहिजे."

आता ते दिसत होतं. तेजसने गर्दीतून वर बोलावलेल्या दिपमालाच्या गालाला पिवळं उटणं फासलं, वरून 'रूपशुद्धी'चा फेस चोळला. गाल लालभडक.

"ही अंगातली उष्णता! डॉक्टर वरून मलम लावतात, आम्ही आतून ओढतो."

"कितली उष्णता व्हती वं माय," दिपमालाची आई प्रमिलाबाई हबकली. पोरीच्या गालावरचं गजकर्ण मलमाने आता कुठे उतरत होतं. "आते ते मलम बंद," म्हणत तिने साबणांची पिशवी उचललीही.

ते मलम देणारी डॉक्टर आयुषी गर्दीतच होती. शेठची सख्खी पुतणी. ती वर चढली.

"तेजसभाऊ, या बाईंना उष्णता आहे?" तिने मागच्या फ्लेक्सवरच्या सुंदरीकडे बोट दाखवलं.

"छे मॅडम, त्या रोज रूपशुद्धी वापरतात."

आयुषीने सुंदरीच्या गालाला उटणं लावलं, फेस चोळला. सुंदरी लाल झाली.

"अरेरे. यांना ॲडमिट करा."

मग शेजारच्या रसवंतीवरून लिंबू मागवून त्याच गालावर पिळलं. गाल पुन्हा पिवळा.

"उष्णता परत आत गेली वाटतं."

"फ्लेक्स हलक्या प्रतीचा आहे," तेजस पुटपुटला.

"आयुषी, घरचा धंदा आहे," शेठ कळवळले.

"म्हणूनच सांगतेय, काका. उटण्यात हळद, साबणात सोड्याचा खार. हळदीला खार लागला की लाल, आंबट लागलं की पिवळी. प्रमिलाअक्का, लुगड्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की काय होतं?"

"लाल व्हस."

"मग लुगड्याला उष्णता असते?"

गर्दीत हशा पिकला. प्रमिलाबाई हसली नाही. तिने पिशवी स्टेजवर ठेवली.

"मलम आखो कितला दिन लावनं?"

"डाग गेला तरी मी थांब म्हणेपर्यंत."

अंगातून रोग निघताना कोणी दाखवला, तर तोच प्रयोग आधी भिंतीवर करून पाहावा. भिंतही आजारी निघाली, तर औषध आपल्याला नको, विकणाऱ्याला हवं.