खोकल्याची गोळी

बीडच्या सलूनांतले झाडलेले केस हजराबी पोत्यात भरून आणायची आणि दारापुढं बसून निवडायची. त्या दुष्काळात टँकर कधी येईल त्याचा नेम नव्हता. लोक डोकी न धुताच कापायला बसत. तेल, घाम, कोंडा, कुणाचा थुंकलेला गुटखा, सगळं त्या केसांत चिकटून यायचं. निवडून झालं की भाकरीचा घास तिच्या तोंडात फिरायचा. पण न करून भागणार कसं? नवरा दस्तगीर घरी बसला होता. कापूस पिकलाच नाही, सहकारी सूतगिरणी बंद पडली, आणि तिथं वर्षानुवर्षं ओढलेली धूळ त्याच्या छातीत राहिली. डॉक्टरांनी पाण्यात फसफसणारी गोळी दिली होती. तिनं कफ पातळ व्हायचा, सुटायचा, माणूस जरा पडून राहायचा.

माल न्यायला सिदू टेम्पो घेऊन यायचा. एकदा हजराबीनं सहज विचारलं, "लांब केसांचे टोप होतेत म्हनं. ह्या चुऱ्याचं काय करतेत रे?"

"तेजाबात उकळतेत, खाला. त्यातनं अमिनो आम्ल निघतं. ताकदीच्या पावडरीत जातं, खोकल्याच्या औषधात जातं. लई मागनी हाय."

खोकल्याच्या औषधात, म्हणजे दस्तगीरच्या गोळीतही? गोळ्यांचं रिकामं पाकीट घेऊन ती तशीच राधाकिशनच्या औषधाच्या दुकानात गेली. त्यानं ते उलटसुलट करून पाहिलं.

"असंल बी, भाभी. केसापासून करतेत, पिसापासून करतेत, आता आंबवून बी करतेत. ही कशाची, ते लिवलेलं न्हाई. पन शुद्ध करून येतं. केस ऱ्हात न्हाई त्यात."

राहत नसेल. तिला मात्र पेल्याच्या तळाशी परक्या डोक्यांचा कोंडा दिसू लागला. वर माणसाचं अंग पोटात गेलं, ही धास्ती वेगळीच. गोळ्या दुकानात संपल्यात, असं तिनं नवऱ्याला सांगितलं.

कफ घट्ट झाला. दस्तगीर खोकून खोकून वाकडा व्हायचा. ती थुंकायला घमेलं धरायची आणि तोंड फिरवायची. तारेसारखा लोंबणारा बेडका तुटता तुटत नव्हता. एका सकाळी त्याची नखं निळी दिसली, तेव्हा तिनं खाली बघत सगळं सांगून टाकलं.

दस्तगीरनं भिंतीला पाठ टेकवली.

"कावून सांगितलंस?" तो म्हणाला. "आन गोळी."

"हराम निगालं तर?"

"जिवावर बेतल्यावर मुभा असती. मौलानाला मागून इचारू."

ती धावत जाऊन पाकीट घेऊन आली. पेल्यात गोळी फसफसली. जळक्या केसांसारखा वास आला. आजवर तिनं तो औषधाचा म्हणून सोसला होता. दस्तगीरनं नाक दाबून पेला रिता केला. अर्धं वर आलं, ते त्यानं तोंड मिटून परत गिळलं. हजराबी न्हाणीत जाऊन ओकली.

दुपारपर्यंत त्याचा कफ सुटला.

पुढं तो रोज पाठ फिरवून आपल्या हातानं गोळी विरघळवायचा. ती पोत्यापाशी बसून केस निवडायची. त्याचा पेला मात्र ती दोन बोटांनी उचलून बाकीच्या भांड्यांपासून लांब, खिडकीत ठेवायची.