आम्लात विझणारा रंग

"ताई, तुझा रंगच आम्लात विझत असेल तर?"

चष्मिशने डबा उघडता उघडता विचारलं आणि ताईने उचललेला घास परत डब्यात ठेवला. चष्मिश प्रयोगशाळेत ताईच्या शेजारच्या टेबलावर काम करते. तोंडाने फटकळ, पण डोकं जागेवर.

पेशीत जालिका असते, कॅल्शियमचं कोठार. तिला खेटून मायटोकॉन्ड्रिया, पेशीची वीजघरं. कोठार कॅल्शियम सोडतं, तोच शेजाऱ्याला निरोप. पेशी आंबट झाली, पीएच घसरला, की हा निरोप तुटतो, असं ताईचं म्हणणं. पुरावा काय, तर मायटोकॉन्ड्रियात घातलेला रंग. कॅल्शियम पोचलं की तो चमकतो. आंबट पेशीत चमकेना. दुपारी संस्थेच्या परीक्षक मंडळापुढे हेच मांडायचं होतं. पटलं तर नोकरी पुढे चालू, नाहीतर टेबल रिकामं करा.

"सगळे हाच रंग वापरतात," ताई म्हणाली.

"सगळे घेतात म्हणून माझ्या सासूचा काढाही घेशील?"

ताईने डबा बंद केला आणि प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरांच्या खोलीत गेली.

"सर, कॅल्शियम ठरावीक ठेवून नुसता पीएच खाली आणून बघते. मंडळाच्या आधी होईल."

"आज? डोकं फिरलंय का? दिसतंय तेवढं दाखव. कोणी विचारलंच तर मी बघतो."

सरांचं 'मी बघतो' अख्ख्या इमारतीला पाठ आहे. ते बघतात, भोगतो दुसराच.

ती तडक सूक्ष्मदर्शकावर जाऊन बसली. पेशींच्या पापुद्र्याला भोकं पाडली, म्हणजे आतबाहेर एकच पाणी, एकच मोजलेलं कॅल्शियम. मग आम्ल सोडलं. रंग चमकत राहिला तर ती वाचली. तिने ओठ इतका चावला की तोंडात खारट चव आली.

पडद्यावरचे हिरवे ठिपके मंदावत गेले. कॅल्शियम तेवढंच होतं.

फोन वाजला. आई.

"जेवलीस का गं?"

"हो."

"आवाज असा का?"

"एसीने."

"खोटं बोलताना तू नेहमी एकाच शब्दात बोलतेस."

ताईने फोन ठेवला. चष्मिश मागे येऊन उभी होती. या वेळी टोमणा नव्हता.

"काहीच उरलं नाही?"

ताईने जुनी चित्रं पुन्हा पळवली. आंबट पेशीतला रंग मंद होता, ते रंगाचंच पाप. पण तो पेटतही उशिरा होता. साध्या पेशी उजळून मावळायला लागायच्या, तेव्हा कुठे ह्या जाग्या व्हायच्या.

"हा उशीर खरा असेल," ती म्हणाली. "किंवा तोही रंगाचाच चाळा असेल. दुसऱ्या रंगाने बघितल्याशिवाय कळणार नाही."

"मग आत्ता काय दाखवणार?"

मंडळाच्या खोलीत सर पहिल्या रांगेत पाय हलवत बसले होते. ताईने विझलेल्या ठिपक्यांचं चित्र सगळ्यात आधी लावलं. सरांचा पाय थांबला.

"माझ्या निकालातला मोठा भाग खोटा आहे," ती म्हणाली. "रंगाने फसवलं आणि मी फसले."

टेबलामागून एका बाईंनी विचारलं, "मग तुमच्या हातात राहिलं काय?"

"एक उशीर. तोही अजून सिद्ध व्हायचाय."

खुर्ची करकरली. सर उठले होते. दार उघडल्याचा आवाज आला, मग आपटल्याचा.  ताईने उशिराचं चित्र लावलं.

बाई पुढे झुकल्या. "जरा मोठं करा बघू."