चालू गाडीची वायर

पस्तीस वर्षं श्रीपुरात ट्रॅक्टर दुरुस्त करतोय मी. आप्पा मिस्त्री म्हणतात मला. मला कुणी शिकवलेलं खपत नाही, पोटच्या पोरीनं तर नाहीच.

काल संध्याकाळी आमच्या पेट्रोल गाडीचा बॅटरीचा लाल दिवा लुकलुकला. माझी पोरगी उत्कर्षा म्हणाली, "आप्पा, डायनामोचा पट्टा ढिला असंल, न्हायतर त्याच्या आतलं कार्बन झिजलं असतील. गाडी चालू ठेवून बॅटरीला मीटर लावा की. चौदाच्या आसपास व्होल्ट दाखवलं तर डायनामोचं चार्जिंग बरोबर हाय."

"मीटर कशाला?" म्हणत मी चालू गाडीत बॅटरीची वायरच उपसली. इंजिन बंद पडलं नाही. "बघ, बॅटरीबिगर चालतीया, डायनामो टणटणीत हाय!"

"अवो, असं करू नये. डायनामोच्या आतलं डायोड जळत्यात, मग चार्जिंगच बंद."

"गप बस. लई शानी झालीस."

आज तिची आरटीओ इन्स्पेक्टरची परीक्षा. दोन वर्षं रात्रंदिवस अभ्यास केला होता पोरीनं. केंद्र सोलापुरात सात रस्त्याजवळ, सकाळी दहाला गेट बंद. मोहोळ ओलांडलं आणि दिवा लालभडक पेटला. काल उपसलेली वायर आठवली मला.

"आता बॅटरी हाय तवर गाडी," उत्कर्षा म्हणाली. "एसी, टेप, समदं बंद करा. हॉर्न मारू नका. इंजिन बंद करू नका, परत चालू व्हायचं न्हाय."

मी मुकाट एसी आणि टेप बंद केला. कालच्या वायरीवरून तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सोलापुरात रिक्षा आडवी आली. माझा हात हॉर्नवर गेला, तिनं तो धरला. सात रस्त्याच्या सिग्नलला इंजिन दोन आचके देऊन मेलं. दहाला चार मिनिटं कमी. हॉल तिकीट घेऊन पोरगी पळत सुटली. गाडी तशीच टाकून मीही मागं पळालो. वॉचमन गेट ओढत होता. ती अंग चोरून आत शिरली आणि मी तिथंच फुटपाथवर बसलो.

पेपर सुटल्यावर ती आली, तेव्हा मी बोलावलेला ईरप्पा इलेक्ट्रिशियन कडेला ढकललेल्या गाडीला मीटर लावून बघत होता. "डायोड गेलेत. चालू गाडीची वायर कुणी काढली?"

उत्कर्षानं माझ्याकडं पाहिलं. "कुणी न्हाय. गाडीच जुनी हाय," ती म्हणाली.

बापाची अब्रू झाकत होती! लाज वाटली मला.

"मी काढली," मी म्हणालो. "ही नको म्हणत हुती. हिला माझ्यापरीस जास्त कळतं."

पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच बोललो असं. उत्कर्षा तिथंच सात रस्त्यावर रडायला लागली.