छतावर राखलेला ढीग

छतावरचा बर्फ कुणीतरी काढला होता, पण सगळा नाही.

मार्ला स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून बघत होती. कडेवर आठ महिन्यांची लेक, हेटी. दोन दिवस सरोवराकडून बर्फाचा नुसता मारा चालला होता. अंगणातल्या कॅम्पिंगच्या ट्रेलरच्या कव्हरवर काल गुडघाभर थर होता. आज कडा मोकळ्या झाल्या होत्या, मधोमध मात्र पाटाएवढा ढीग तसाच. आणि पावलं शेजारच्या रेनो लाम्पिनेनच्या गराजमधून आलेली.

हे साधं नव्हतं. येत्या मे महिन्यापासून तिच्या नवऱ्याला, ब्रेंटला, सरोवराकाठच्या तंबूंच्या मैदानावर राखणदाराची नोकरी लागणार होती, आणि ऑक्टोबरपर्यंत तिघांचं घर म्हणजे हाच ट्रेलर. छत गळलं की भिंतीत ओल, ओलीमागून बुरशी. हेटीची छाती आधीच भरते.

रेनोला हा ट्रेलर पहिल्यापासून डोळ्यांत खुपायचा. "तुमच्या डबड्यामागे माझं सरोवर झाकलं गेलं," असं त्यानं तोंडावर ऐकवलं होतं. शिवाय मार्लाच्या मनाला एक गोष्ट टोचत होती. इथं कुणी पहाटे तुमच्या दारचा बर्फ काढून गेला, तर चौकशी करायची नसते. आठवड्याच्या आत वेलचीचा गोड पाव त्याच्या पायरीवर ठेवायचा असतो. डिसेंबरात रेनोनं दोनदा रस्ता मोकळा करून दिला, आणि हेटीच्या खोकल्यात पाव राहून गेला. म्हाताऱ्यानं डूख धरला असेल तर?

तिनं ब्रेंटला फोन लावला. तो रस्त्यावरचा बर्फ सारणाऱ्या ट्रकवर होता.

"मदत करत असेल गं."

"अर्धवट? ओझं नेमकं मधे ठेवून?"

"त्याला कळतं त्यातलं. तू हात लावू नकोस."

हे तो जरा जास्तच पटकन म्हणाला, असं तिला वाटलं.

हेटी झोपल्यावर तिनं बेबी मॉनिटर खिशात घातला, ट्रेलरला शिडी लावली आणि फावडं घेऊन वर चढली. मोकळ्या केलेल्या भागावरही चार बोटं बर्फ शिल्लक होता. इथंही अंगचोरी. तिनं फावडं ढिगाच्या दिशेनं सरकवलं.

"थांब पोरी."

रेनो कुंपणाशी उभा होता, खांद्यावर फोमची पट्टी लावलेला लांब दांडा.

"का? काय आहे तिथं?"

"आधी खाली उतर. ते फावडं कव्हरला टेकलं तर फाटेल. म्हणून तर मी चार बोटं ठेवतो."

"आणि हा ढीग?"

रेनो हातमोज्यानं नाक पुसू लागला. "तिथं छतातल्या हवेच्या झरोक्याचं झाकण आहे. प्लॅस्टिक या थंडीत काचेसारखं होतं. दुपारी ऊन आलं की मी हातानं काढतो."

"आख्ख्या छताला दांडा चालतो, झाकणालाच हात लागतो होय?"

त्यानं दांडा कुंपणाला टेकवला. मार्ला उतरली, कव्हरची दाराजवळची चेन ओढली आणि आत शिरली. मोबाइलचा उजेड तिनं छतावर टाकला. झाकणाला आडवी चीर होती, आणि चिरेवर राखाडी चिकटपट्टी. पट्टीचं टोक दुमडलेलं. पुढच्या वेळी नख लागावं म्हणून घरातली प्रत्येक पट्टी असं टोक दुमडून ठेवणारा माणूस एकच होता.

ती बाहेर आली तेव्हा रेनो स्वतःचे बूट निरखत होता.

"कधीपासून?"

"शरदात फांदी पडली तेव्हापासून. तुझा नवरा म्हणाला, तिला सांगू नका, झोपणार नाही. वसंतात नवं झाकण बसवतो म्हणाला. तोवर लक्ष ठेवायचं कबूल केलं मी."

"म्हणजे तुम्हा दोघांना माहीत, आणि मीच खुळी."

"खुळी कसली. सकाळपासून माझ्यावर पहारा ठेवलास. चोरी करायची असती तर गाव सोडावं लागलं असतं मला."

मार्लाला हसू आलं नाही. तिनं आत जाऊन झाकणाभोवतीचं छत चाचपलं, खालची गादी तळव्यानं दाबून पाहिली. दोन्ही कोरडी. मग तळव्याचाच भरवसा वाटेना, म्हणून गालही टेकवून पाहिला.

दुपारी ऊन आल्यावर शिडीवर ती चढली. रेनो खालून सांगत होता: कडेकडून ये, खरवडू नकोस, ओंजळीनं उचल. ढीग संपला. कव्हर शाबूत होतं, त्याखाली हाताला लागणारं झाकणही जागच्या जागी.

"पावाचं राहिलंय माझ्याकडून," उतरताना ती म्हणाली.

"दोन झाले. आजचा धरून तीन."

संध्याकाळी ब्रेंट आला तेव्हा ओट्यावर कणीक फुगत होती, वेलचीचा वास घरभर.

"ट्रेलरच्या गादीवर कोरा कागद का पसरलाय?" त्यानं विचारलं.

"झाकणाच्या बरोबर खाली आहे. रोज सकाळी बघणार. थेंब पडला तर डाग दिसेल."

ब्रेंट बूट काढता काढता थांबला.

"मार्ला, मी सांगणारच होतो—"

"झाकण वसंतात नाही, या रविवारी बसवायचं," ती म्हणाली. "आणि बसवताना मी तिथं उभी असणार."