चिमणीच्या मापाचे दार

मी एक जुनी लाकडी पेटी आहे. धान्याच्या गोदामाच्या मागच्या भिंतीवर, शिडी लावल्याशिवाय हात पोचणार नाही एवढ्या उंचीवर मला ठोकले आहे. मला पाहिलेत तर तुम्ही म्हणाल, अरेरे, हिचे तोंड कोणी फोडले? मित्रांनो, तोंड फुटले तेव्हाच मी कामाला आले. त्याआधीची तीन वर्षे नुसती चडफड करण्यात गेली.

मला घडवले गोदामाच्या सुतारकाकांनी. हात कसबी, पण मान वर करून बघायची सवय नाही. मुकादमांनी जाता जाता सांगितले, "काका, वर तो पक्षी बसतो ना, त्याला एक घर करून द्या." बस्स! कोणता पक्षी, केवढा पक्षी, हे एकाने सांगितले नाही आणि दुसऱ्याने विचारले नाही. काकांनी जन्मभर चिमण्यांची घरे केली होती. जुन्या खोक्याच्या फळ्या न कापताच वापरल्या म्हणून मी ऐसपैस झाले खरी, पण दार मात्र सवयीचेच. दोन बोटे जातील एवढे गोल भोक! वर हिरवा रंग आणि उतरते छप्पर. लोकांनी कौतुक केले आणि मीही फुशारले.

तो पक्षी म्हणजे खरूची. ससाण्याच्या कुळातली, पण आकाराने कबुतराएवढी आणि अंगाने सडपातळ. पाठ विटेसारखी तांबूस, तिच्यावर काळ्या खुणा. डोळ्यांखाली काळा ओघळ, रडून काजळ पसरावे तसा. पाय पिवळे, नख्या काळ्या. तिच्या नवऱ्याचे डोके आणि शेपूट राखाडी. गोदामामागच्या माळावर ती वाऱ्यात एकाच जागी पंख फडफडवत थांबते आणि गवतात उंदीर हलला की थेट खाली झेप घेते. टोळ, सरडेही तिला चालतात. धान्याला ती चोच लावत नाही, धान्य खाणाऱ्यांना लावते. एवढी चांगली राखणदार फुकट मिळाली होती, पण कदर कोणाला?

काड्या जमवून घरटे बांधणे तिच्या जातीला जमत नाही. कड्यातली कपार, जुन्या भिंतीतली खबदाड, इमारतीचा कठडा, मिळेल तिथे ती अंडी घालते. आमच्याकडे तिला मिळाला झरोक्याखालचा उतरता कठडा, माझ्यापासून हातभर अंतरावर. वारा सुटला की अंडी एकेक करून घरंगळत आणि खाली फरशीवर फुटत. पहिल्या वर्षी चार गेली, दुसऱ्या वर्षी पाच. ती माझ्या छपरावर येई, वाकून भोकाला डोळा लावी आणि परत जाई. मी आत रिकामी, आणि तिला घेता येत नाही! खालून मुकादम म्हणत, "पक्षीच येडा आहे. एवढं छान घर दिलंय, तर उन्हात बसतोय." माझ्या अंगाचा तिळपापड होई. शेवटी माझ्यात राहिले कोण, तर गांधीलमाश्या.

फुटलेली अंडी पुसायचे काम झाडणाऱ्या मावशींकडे होते. तिसऱ्या वर्षी त्या सुपलीत टरफले घेऊन सरळ काकांपुढे उभ्या राहिल्या.

"काका, हे यंदाचं तिसरं."

"मग मी काय करू? घर दिलंय. ती जात नाही."

"जाईल कशी? कबुतराएवढी आहे ती!"

"काहीतरीच काय! चिमणीएवढी असेल."

"वर बघितलंय का कधी?"

काका बाहेर आले आणि त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. खरूची कठड्यावर बसली होती. काकांनी एकदा तिच्याकडे पाहिले, एकदा माझ्या भोकाकडे. मग म्हणाले, "चुकलंच माझं." त्याच दिवशी शिडी लागली. खाली चार बोटांची पट्टी ठेवून काकांनी माझी समोरची फळी कापून काढली. दुखले, खोटे कशाला बोलू! सगळा नखरा करवतीखाली गेला. पण पुढच्या वर्षी ती आत आली. पाच अंडी घातली, एकही पडले नाही. चार पिल्ले माझ्यातून उडाली.

आता काका निवृत्त झाले आहेत. यंदा नवे साहेब आले, त्यांनी मला पाहिले आणि नाक मुरडले. "ती मोडकी पेटी बरी दिसत नाही. पुढे फळी मारा आणि छानसं गोल भोक पाडा." नव्या सुताराने खालूनच अंदाजे माप घेतले. मावशी भांडल्या, पण झाडणाऱ्या बाईचे कोण ऐकते?

मित्रांनो, कोणाचे भले करायचे असेल तर आधी त्याला नीट बघा. आणि तुमच्यापैकी कोणाची त्या सुताराशी ओळख असेल, तर कृपा करून आजच निरोप द्या. मला दुरुस्त करू नका. उद्या सकाळी शिडी लागणार आहे, आणि ती आत अंड्यांवर बसली आहे.