बंड्याचा फाटका कान

तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं चित्र कागदावर छापताना उलटं उमटतं. म्हणून मी प्रत्येक कुत्रं डाव्याचं उजवं करूनच कोरते. नेमकी उद्धवकाकांच्या गेलेल्या बंड्याच्या वेळी विसरले. फोटोत डावा कान फाटका, माझ्या रंगीत छापात उजवा. स्वतःचीच चीड आली.

उद्धवकाका अमरावतीहून अकोल्याला छाप न्यायला आले. पाहताच डोळे पुसायला लागले.

"काका, चूक झाली माही. दुसराच कान फाटका झाला."

"कायची चूक, अफसाना? उजवाच फाटला होता. मी सोता हळद भरली त्यात, मले नाही मालूम?"

मी तणतणत त्यांनीच पाठवलेला फोटो मोबाइलवर उघडला. बंड्याला कुशीत घेऊन काढलेला सेल्फी. मागच्या किराणा दुकानाच्या पाटीवरची अक्षरं उलटी होती. म्हणजे डावं-उजवं फोननंच फिरवलं होतं!

काका छाप छातीशी धरून गेले. मी भिंतीकडे बघत राहिले. तिथं आधीच्या अकरा कुत्र्यांचे छाप होते, सगळे सेल्फीवरून, न चुकता डाव्याचं उजवं करून कोरलेले. अकराही घरची माणसं "हुबेहूब आमचाच" म्हणून रडली होती.

कोणाला ओळखलं होतं त्यांनी?