वर्डेलची वरची जागा

वर्डेल पिटमनच्या गळ्याला गाण्यातली ती वरची जागा आता लागत नव्हती, आणि हे तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. बाथरूममध्ये गाऊन पाहिलं, गाडीच्या काचा वर करून गाऊन पाहिलं. गळ्यातून नुसती हवा. आणि आज दुपारी मेम्फिसमध्ये, तिच्याच चर्चच्या हॉलात, त्यांचा जुना बँड पन्नास-पंचावन्न वर्षांनी पुन्हा वाजवणार होता. लोक येणार ते एका गाण्यासाठी. त्यातही शेवटच्या कडव्यासाठी, जिथं 'परतून ये' म्हणताना वर्डेलचा आवाज आभाळाला टेकायचा.

आत बायका मासे तळत होत्या. ऑर्गनवाला आयसम बोटांना मलम चोळत बसला होता. दर रविवारी ह्याच चर्चमध्ये वाजवायचा तो.

"पट्टी जरा उतरवू का गं?" त्यानं हळूच विचारलं.

"का? मी म्हातारी झाले?"

"छे! मी झालो."

"मग तू उतर. गाणं आहे तिथंच राहील."

बोलून तर बसली. आता जीभ चावून काय उपयोग?

ती जागा सांभाळेल असा एकच माणूस उरला होता. ओथा. ट्रम्पेटवाला. सहासष्ट साली हा बाबा रोज नेमका तिच्या त्याच जागेवर जोरात फुंकायचा. आवाज झाकून टाकायचा पार. शेवटी ती म्हणाली, हा तरी राहील नाहीतर मी. ओथा ट्रम्पेटची पेटी घेऊन बँडच्या बसमधून वाटेतच एका पेट्रोल पंपावर उतरला. त्यानंतर नाताळची कार्डं तेवढी यायची, तीही त्याच्या बायकोच्या अक्षरात.

कॉयरच्या गायकांचे झगे टांगायच्या खोलीत तिनं त्याला गाठलं.

"ओथा, आज ती जागा तू वाजव."

ओथा बघतच राहिला. "ह्याच जागेसाठी मला पंपावर उतरवलंस ना गं?"

"तू उतरलास. मी नाही उतरवलं."

"मग बस का नाही थांबवलीस?"

"उशीर होत होता."

"पन्नास वर्षं झाला की उशीर!" म्हणत त्यानं ओठ वर उचलून दाखवला. वरचे सगळे दात खोटे. "खालचे सूर निघतात. वर गेलो तर कवळी थेट पहिल्या रांगेत. मी तर तुला ऐटीत सांगणार होतो, की जा, आज मध्ये येत नाही, तुझं तू गा. केवढा मोठेपणा मिळाला असता!"

वर्डेल हसायला लागली ती थांबेच ना. मग डोळे पुसत म्हणाली, "मग आता रे?"

"आयसमला सांग, उतरव पट्टी."

"त्याला तोऱ्यात नाही म्हणून बसलेय."

"मग मर."

गाणं सुरू झालं. पहिली कडवी बरी गेली. हॉलभर पांढरी डोकी डुलत होती. शेवटचं कडवं आलं, ती जागा आली, आणि वर्डेलचा गळा मिटला.

तेव्हा तिला वडील आठवले. ह्याच चर्चचे डीकन, पाद्र्यांच्या हाताखालचे. लोकांना वाचता यायचं नाही, म्हणून ते भजनाची एकेक ओळ आधी नुसती बोलायचे. मग सगळ्यांनी ती लांबवून गायची.

वर्डेलनं माइक जवळ घेतला आणि ओळ नुसती बोलली. साधी. कुणाला दारातून हाक मारावी तशी.

"परतून ये."

आयसमनं ऑर्गनवरचे हात उचलले. त्याला कळलं होतं. तिसऱ्या रांगेत निळ्या टोपीवाल्या एका बाईनं सूर उचलला, मग तिच्या शेजारणीनं, मग अख्ख्या हॉलानं. बेसूर होते बरेच. पण सूर वर गेला आणि वरच राहिला. खालून ओथानं ट्रम्पेटचा एक जाडसर सूर दिला, सगळ्यांना टेकू दिल्यासारखा. वर्डेल डोळे मिटून ऐकत उभी राहिली. आपलं गाणं समोरून ऐकायची तिची ही पहिलीच वेळ.

नंतर वर्डेल आणि ओथा ताटं घेऊन बसले.

"ती निळी टोपी कोण रे? माझ्याही वर गेली भवानी!"

"घेऊ या का तिला बँडमध्ये?"

"घे. पण पुढच्या वेळी तिच्यावर फुंकू नकोस."

ओथाचा घास हातातच राहिला. "पुढच्या वेळी?"

त्याचं ताट वर्डेलनं आपल्याकडे ओढलं आणि माशातले काटे काढायला घेतले. त्या दातांनी काय चावणार होता तो.